होम सर्व्हरवाल्यांचे सल्ले आले कुठून

घरात सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फायली सांभाळणारा सतत चालू असलेला संगणक, ठेवायचा विचार बोलून दाखवला की अनुभवी माणसं ठरलेले सल्ले देतात. रेडला, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या फळीला, बॅकअप समजू नकोस. डबा थेट इंटरनेटवर उघडू नकोस. हार्ड डिस्क घेताना नावावर जाऊ नकोस, मॉडेल क्रमांक बघ. नवा मिनी पीसी आला की आधी त्यातलं विंडोज पुसून टाक. नवख्याला वाटतं, ही मंडळी जरा जास्तच संशयी आहेत. पण या सल्ल्यांमागे कुणाचा तरी डेटा गेलेला आहे, किंवा पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचे नियम विक्रीनंतर कुणीतरी बदललेले आहेत. बहुतेक घटनांची सालंही सांगता येतात.

रेडचा सल्ला सगळ्यात जुना. १९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक शोधनिबंध लिहिला. मोठ्या संगणकाच्या एका महागड्या डिस्कऐवजी पीसीच्या स्वस्त डिस्कची फळी उभी करा, आणि माहिती अशी वाटून ठेवा की एक डिस्क मेली तरी उरलेल्यांवरून तिची भरपाई होईल, ही त्यांची मांडणी. रेडमधलं ‘आय’ तेव्हा ‘इनएक्स्पेन्सिव्ह’चं, म्हणजे स्वस्तचं होतं, धंद्यात उतरल्यावर त्याचं ‘इंडिपेंडंट’ झालं. ही सोय डिस्क मरण्यापुरतीच आहे. चुकून फोटोंचं फोल्डर उडवलंत तर ते सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी उडतं. पुढे हीच कल्पना दोन डिस्कच्या घरगुती डब्यात आली आणि लोकांनी ‘दोन प्रती आहेत, आता काळजी नाही’ असा तिचा अर्थ घेतला.

घरात सर्व्हर येण्याची वाट सांबाने मोकळी केली. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी असताना अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास लिहायला घेतलेला हा प्रोग्राम. युनिक्स यंत्रावरच्या फायली पीसीला आपल्याच नेटवर्क ड्राइव्हसारख्या दिसू लागल्या. मग एखादा जुना पीसी, फुकटचं लिनक्स आणि सांबा एवढ्या भांडवलावर घरातल्या सगळ्या यंत्रांना मिळून एक कपाट तयार होऊ लागलं.

त्यानंतरची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २००४ मध्ये लिंक्सिसने एनएसएलयू-२ नावाचा हातात मावणारा डबा आणला. त्याला यूएसबी डिस्क जोडायची आणि ती घरभर वापरायची, एवढंच त्याचं काम. मेमरी अवघी ३२ एमबी. आत लिनक्स आहे हे कळल्यावर लोकांनी तो उघडला, तर सुरुवातीच्या डब्यांत २६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर १३३ वर बांधून ठेवलेला निघाला. बोर्डावरचा कणीएवढा एक रेझिस्टर काढला की वेग दुप्पट. लोकांनी तो काढला, डब्यात स्वतःचं लिनक्स घातलं आणि त्याच्याकडून वेब सर्व्हरपासून गाणी वाजवण्यापर्यंत सगळी कामं करून घेतली. त्याच कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा सोर्स कोड जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यातल्या अटीमुळे २००३ मध्ये खुला करावा लागला होता, आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं लिनक्स उभं राहिलं. परवान्यातल्या एका अटीमुळे ग्राहकाच्या हाती इतकं काही येऊ शकतं, हे तेव्हा पहिल्यांदा घरोघरी दिसलं. विकत घेतलेल्या डब्यात काय चालावं हे डब्याच्या मालकाने ठरवावं, ही होम सर्व्हरवाल्यांची धारणा इथून पक्की झाली असं मी मानतो.

मोठ्या कंपन्यांनी या गरजेकडे पाहिलंच नाही असं नाही. जानेवारी २००७ मध्ये बिल गेट्स यांनी विंडोज होम सर्व्हर जाहीर केलं. त्यातली ड्राइव्ह एक्स्टेंडर ही सोय खरोखर लोकांच्या मनातली होती: वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क खुपसत जा, सगळ्यांची मिळून एक जागा दिसेल, आणि निवडलेल्या फोल्डरच्या दोन प्रती दोन डिस्कवर राहतील. वर्ष संपायच्या आत कळलं, की एकाहून जास्त डिस्क असताना काही प्रोग्रामांतून सर्व्हरवरच्याच फायली संपादित केल्या तर त्या बिघडू शकतात. दुरुस्ती जुलै २००८ मध्ये आली. माहिती सांभाळण्यासाठी घेतलेल्या वस्तूने माहिती बिघडवावी, आणि इलाज यायला अर्ध्या वर्षाहून जास्त काळ जावा! नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने ड्राइव्ह एक्स्टेंडर पुढच्या आवृत्तीतून काढून टाकत असल्याचं सांगितलं. ज्यांनी त्याच सोयीसाठी हे घेतलं होतं ते फ्रीनॅस आणि अनरेड या स्वतःचा सर्व्हर उभारायच्या सिस्टिमांकडे वळले. दोन्ही प्रकल्प २००५ पासूनचे.

यंत्रं लहान होत गेली ती मात्र होम सर्व्हरसाठी नव्हे. २००१ मध्ये व्हिया कंपनीने मिनी-आयटीएक्स बोर्ड आणला, १७ सेंटिमीटर बाजूचा चौरस. २००५ मध्ये मॅक मिनी आला. २९ फेब्रुवारी २०१२ ला रास्पबेरी पाय हा एका बोर्डाचा छोटा संगणक विक्रीला आला तो मुलांनी प्रोग्रामिंग शिकावं म्हणून, आणि पुढच्या काही महिन्यांत इंटेलचे एनयूसी आले, मुठीएवढ्या जागेत पूर्ण पीसी बसतो हे दाखवायला. लॅपटॉप आणि फोनसाठी घडवलेले कमी विजेचे प्रोसेसर या छोट्या डब्यांत येत गेले. होम सर्व्हरवाल्यांना जे मिळालं ते दुसऱ्यांसाठी शिजलेल्यातलं, पण नेमकं त्यांच्या उपयोगाचं. कारण सर्व्हर दिवसाचे २४ तास चालतो. जुना टॉवर पीसी सतत ८० वॅट खात असेल तर वर्षाला ७०० युनिट होतात. माझ्याकडचा मिनी पीसी मीटर लावून पाहिला तर रिकामा बसलेला असताना ८ वॅट दाखवतो, म्हणजे वर्षाला ७० युनिट. विजेच्या बिलातला हा फरक नसता, तर घरात सर्व्हर ठेवणं मोजक्या हौशी लोकांपुरतंच राहिलं असतं.

आता इंटरनेटवरच्या सल्ल्याकडे येऊ. ऑगस्ट २०१४ मध्ये सिनोलॉकर नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसमधल्या, म्हणजे नेटवर्कवर फायली ठेवायच्या तयार डब्यांतल्या, फायली कुलूपबंद केल्या. २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट यांनी क्यूनॅपच्या डब्यांचं तेच केलं. पण सगळ्यात जिव्हारी लागलं ते जून २०२१ मध्ये. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह डिस्क घरात शांतपणे बसलेल्या असताना दुरून कुणीतरी फॅक्टरी रीसेटचा आदेश दिला आणि लोकांनी फोल्डर उघडली तर ती रिकामी. कंपनीने शेवटचं अपडेट २०१५ मध्ये दिलं होतं. तपासात कळलं, की रीसेटआधी पासवर्ड विचारणाऱ्या कोडच्या ओळी त्या प्रोग्राममध्ये होत्या, पण त्या निष्प्रभ करून ठेवलेल्या होत्या. डिस्क धडधाकट, वापरही चालू, मात्र कंपनीच्या दफ्तरी ती सहा वर्षांपूर्वीच निवृत्त झालेली. ग्राहकाला ही निवृत्तीची तारीख विकत घेताना कुणी सांगितली नव्हती. मला यात सगळ्यात मोठा अन्याय तो वाटतो.

म्हणून आज जाणकार लोक नॅस उघड्यावर ठेवण्याऐवजी व्हीपीएनमागे, म्हणजे ओळख पटलेल्यांनाच आत सोडणाऱ्या खाजगी वाटेमागे, ठेवतात. मार्च २०२० मध्ये वायरगार्ड हा व्हीपीएनचा प्रोग्राम थेट लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत आला आणि हे काम बरंच सोपं झालं. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४, पत्ते संपत आल्याने इंटरनेट देणाऱ्या कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे कित्येकांना बाहेरून आत यायचं दार, म्हणजे पोर्ट, थेट उघडताच येत नाही. त्या अडचणीनेही बऱ्याच जणांना व्हीपीएनकडे वळवलं.

तयार नॅसचा माझाही एक अनुभव आहे. दोन डिस्कचा डबा होता. सहाव्या वर्षी बटण दाबलं की निळा दिवा नुसता लुकलुकायचा, पुढे काहीच नाही. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं, या मॉडेलचा सपोर्ट संपला आहे, नवं घ्या. एक डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने लिनक्सच्या मिनी पीसीला जोडली. तीन पार्टिशन दिसली: दोन छोटी, डब्याच्या स्वतःच्या सिस्टिमची, आणि तिसरं मोठं. ते साध्या लिनक्स रेडचं निघालं, त्यावर एलव्हीएम, त्यावर ईएक्सटी४, हे सगळे लिनक्सचे नेहमीचे थर. जोडीतली एकच डिस्क असल्याने रेड जबरदस्तीने सुरू करावं लागलं. केवळ-वाचनासाठी जोडलं आणि पहिलं फोल्डर समोर आलं ते ‘स्कॅन केलेली पत्रं’. सगळं शाबूत होतं. ते वाचलं कारण डब्याच्या पोटात खुली, सर्वांना माहीत असलेली रचना होती. तेव्हापासून वस्तू घेताना माझा पहिला प्रश्न असतो: डबा मेला तर डिस्क दुसरीकडे वाचता येईल का?

डिस्कच्या खरेदीतही कटकटी आहेत. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. यावरून अमेरिकेत खटले झाले, २००६-०७ मध्ये मोठ्या उत्पादकांनी तडजोडीही केल्या. ती निदान मोजण्याच्या पद्धतीतली तफावत होती. एप्रिल २०२० मध्ये जे उघड झालं ते वेगळं. नॅससाठीच म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या ‘डब्ल्यूडी रेड’ (हे रेड म्हणजे लाल, डिस्कच्या फळीचं नव्हे) डिस्कच्या २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलांत एसएमआर तंत्र वापरलं होतं, आणि ते ग्राहकाला सांगितलं नव्हतं. एसएमआरमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची कौलंही उचलावी लागतात. एरवी हे लक्षात येत नाही. रेडच्या फळीतली डिस्क बदलून नवी भरायला घेतली, की तासन्‌तास सलग लिहावं लागतं, आणि तिथे या डिस्क दम टाकू लागल्या. झेडएफएस या फायली सांभाळणाऱ्या प्रणालीने काही वेळा त्या नादुरुस्त ठरवून बाहेर काढल्या. म्हणजे ज्या प्रसंगासाठी रेड घ्यायचं, नेमक्या त्याच प्रसंगी डिस्क हात देईना. बोभाटा झाल्यावर कंपनीने यादी जाहीर केली आणि जुन्या तंत्राच्या डिस्कना ‘रेड प्लस’ नाव दिलं. मॉडेल क्रमांक बघ, हा सल्ला तेव्हापासूनचा.

एप्रिल २०२५ मध्ये सिनॉलॉजीने उलट्या बाजूने टोक गाठलं: नव्या प्लस मालिकेत आमच्या नावाच्या किंवा आम्ही प्रमाणित केलेल्याच डिस्क चालतील. लोक संतापले आणि मुख्य म्हणजे त्यांनी खरेदी थांबवण्याची भाषा उघडपणे केली. ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ या आपल्या नॅसच्या सिस्टिमबरोबर कंपनीने ती अट मागे घेतली. ग्राहक एकत्र बोलले तर फरक पडतो, याचं इतकं ताजं उदाहरण दुसरं नाही.

तयार डब्यांवरचा विश्वास असा कमी होत असताना मिनी पीसीचं पारडं जड झालं. २०२१ ते २०२३ रास्पबेरी पाय मिळेनासा झाला, तेव्हा लोकांनी कार्यालयांतून निघालेले लेनोवो, डेल आणि एचपीचे लिटरभर आकाराचे वापरलेले पीसी उचलले. जानेवारी २०२३ मध्ये इंटेलचा एन१०० प्रोसेसर आला, चार कोरचा आणि ६ वॅट मर्यादेचा, आणि त्याभोवती अनोळखी नावांच्या डब्यांचा पूर आला. बहुतेक कामाचे आहेत. तरी २०२४ च्या सुरुवातीला एसमॅजिकच्या काही मिनी पीसींमध्ये कारखान्यातूनच आलेल्या विंडोजमध्ये पासवर्ड चोरणारे प्रोग्राम सापडले. म्हणून ‘आधी पुसून टाक’. यात संशयी स्वभावाचा संबंध नाही, ही साधी स्वच्छता आहे.

क्लाउडवाल्यांनीही या वाटेवर माणसं आणली. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाली. पुढच्या वर्षी आलेल्या इमिचसारख्या, फोटो स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायच्या, प्रकल्पांना त्यानंतर किती जण येऊन मिळाले हे या क्षेत्रात वावरणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

कायदा या सगळ्याच्या बराच मागून आला. अमेरिकेत १९७५ च्या वॉरंटी कायद्याने अमुकच सुटा भाग वापरायची सक्ती सर्वसाधारणपणे निषिद्ध केली होती, तरी ‘सील तोडल्यास वॉरंटी रद्द’ची स्टिकरं चालूच राहिली, २०१८ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने सहा कंपन्यांना पत्रं पाठवली. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडणाऱ्या घरगुती वस्तूंवर सरसकट एकच पासवर्ड देता येत नाही, आणि सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे जाहीर करावं लागतं. युरोपीय संघाचा सायबर रेझिलिअन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला, पण त्याच्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. त्यात सपोर्टचा काळ साधारणपणे किमान पाच वर्षांचा धरला आहे. माय बुक लाइव्हच्या मालकांना २०१५ मध्ये हवं होतं ते हेच होतं.

माझ्या मिनी पीसीच्या तळाला मी कागदाची पट्टी चिकटवली आहे. पहिल्या ओळीत खरेदीची तारीख, दुसरीत आतल्या डिस्कचे मॉडेल क्रमांक. तिसरी ओळ बायॉसचे, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचे, अपडेट कधीपर्यंत मिळतील त्याची. ती अजून कोरी आहे, कारण विक्रेत्याला दोनदा लिहून विचारलं आणि दोन्ही वेळा उत्तरात फक्त वॉरंटीची मुदत आली.