सांध्यावर उमटलेलं चुंबकत्व

सोलापूरच्या पूर्व भागात मागावर ताणा लाल आणि बाणा हिरवा घेतला, की कापडात तिसरीच छटा उमटते. धूपछाव म्हणतात तिला. हा तिसरा रंग कुठल्या धाग्यात आहे, ते मी लहानपणी शोधायचो. कड उसवून धागा ओढला, की हातात यायचा लाल नाहीतर हिरवा. छटा होती ती फक्त दोघांच्या भेटीत.

याहून विलक्षण भेट 2004 मध्ये जगापुढे आली. अकिरा ओतोमो आणि हॅरॉल्ड ह्वांग या भौतिकशास्त्रज्ञांनी स्ट्रॉन्शियम टायटॅनेटच्या स्फटिकावर लँथॅनम ॲल्युमिनेट चढवलं, अणूंचा एकेक पदर मोजून. दोन्ही ऑक्साइड विद्युतरोधक, आणि चुंबक तर नव्हेतच. तरी त्यांच्या सांध्यावर धातूसारखी वीज वाहू लागली! 2007 मध्ये नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठातील संशोधकांना तिथेच चुंबकत्वाच्या खुणा सापडल्या.

धूपछावीतले रंग मिसळतात आपल्या डोळ्यांत. धागे जसेच्या तसे राहतात. इथे मात्र इलेक्ट्रॉन खरोखर घर बदलतात. लँथॅनम ॲल्युमिनेटचा एक पदर धन, पुढचा ऋण, पुन्हा धन. स्ट्रॉन्शियम टायटॅनेटचे पदर मात्र उदासीन. त्यामुळे धन-ऋण जोड्यांचे थर चढतील तसा आत विद्युतदाब साठत जातो. तीन थरांपर्यंत काही घडत नाही. चौथा चढला, म्हणजे जेमतेम दीड नॅनोमीटर जाडी झाली, की पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन सांध्याशी उतरतात आणि टायटॅनियमच्या रिकाम्या कक्षांत शिरतात. जोडीदार नसलेला एकटा इलेक्ट्रॉन हे इवलंसं चुंबकच असतं. असे पुष्कळ इलेक्ट्रॉन एका दिशेला वळले, की चुंबकत्व प्रकटतं.

यावर सगळ्यांचं एकमत नाही. थर चढवताना काही ऑक्सिजन अणू निसटतात आणि त्यांच्या मोकळ्या जागाही इलेक्ट्रॉन पुरवतात. मला दोन्ही कारणांचा हात असावा असं वाटतं.

2011 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने स्क्विड नावाचा अतिसंवेदनशील चुंबकमापक या सांध्यावरून फिरवला. चुंबकत्व सलग नव्हतं, ठिपक्याठिपक्यांनी विखुरलेलं होतं. आणि निरपेक्ष शून्याच्या (म्हणजे उणे 273 अंश सेल्सिअस, थंडीची शेवटची हद्द) किंचित वर, त्याच नमुन्यात वीज विनारोध वाहत होती. अतिवाहकता आणि चुंबकत्व एरवी एकमेकांना टिकू देत नाहीत. इथे काही नॅनोमीटरच्या सांध्यात दोघांचा शेजार होता.