काप्रिचोस : चित्र क्र. २३ व २४

स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोया (१७४६–१८२८) याच्या ‘लोस काप्रिचोस’ या ८० व्यंगात्मक मुद्राचित्रांच्या संचातील ही दोन चित्रे इन्क्विझिशन या धर्मन्यायपीठाने दोषी ठरवलेल्यांच्या जाहीर विटंबनेवर आहेत. दोन्ही तांब्याच्या पत्र्यावर एचिंग (आम्लाने रेषा कोरणे) व ॲक्वाटिंट (आम्लाने करड्या छटा उमटवणे) पद्धतींनी केलेली आहेत.

क्र. २३ चे शीर्षक ‘आकेयोस पोल्वोस’ (ती धूळ) हे ‘त्या धुळीचाच हा चिखल झाला’ अशा अर्थाच्या म्हणीचा पूर्वार्ध आहे. अंगात सांबेनितो हा शिक्षेचा झगा आणि डोक्यावर कोरोसा ही उंच निमुळती टोपी घातलेला आरोपी मंचावर मान खाली घालून बसला आहे. त्याचा निकाल वाचला जात असून खाली बघ्यांची दाटी आहे. हा झगा गोव्यालाही ठाऊक होता, कारण पोर्तुगीजांचे इन्क्विझिशन मधला थोडा खंड वगळता १५६० ते १८१२ पर्यंत तेथे होते.

क्र. २४, ‘नो उबो रेमेदिओ’ (इलाजच नव्हता), ही सरळसरळ गाढवावरून काढलेली धिंड आहे. कमरेपर्यंत उघड्या स्त्रीच्या डोक्यावर तीच टोपी आहे, पण गळ्याशी अडकवलेल्या बेचक्यामुळे तिला मान खाली घालण्याचीही मुभा उरलेली नाही. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील, या चित्रावरची हस्तलिखित टिप्पणी म्हणते, की ज्याला लाजच नाही त्याला कोणी लाजवू शकत नाही. चित्र मात्र या शेऱ्याला दुजोरा देत नाही, कारण त्यातले विद्रूप चेहरे तिचे नसून भोवतालच्या शिपायांचे आणि गर्दीचे आहेत. लंडनमध्ये इंग्लिश चित्रकार विल्यम होगार्थने १७६३ मध्ये जॉन विल्क्स या राजकारण्याचे तिरळ्या डोळ्यांचे चित्र छापून विकले, तेव्हा विटंबनेचे काम खुद्द चित्रानेच केले होते. गोयाचा रोख मात्र विटंबना करणाऱ्यांवर आहे.

संचाची जाहिरात ६ फेब्रुवारी १७९९ रोजी ‘दिआरिओ दे माद्रिद’मध्ये आली. किंमत ३२० रेआल (तेव्हाचे स्पॅनिश चलन) होती आणि विक्री माद्रिदच्या देसेंगान्यो, म्हणजे ‘भ्रमनिरास’, नावाच्या रस्त्यावरील अत्तरे व मद्ये विकणाऱ्या दुकानातून होई. विक्री लवकरच थांबली. १८०३ मध्ये गोयाने तांब्याचे पत्रे व उरलेले २४० संच राजा चौथा कार्लोस याला दिले आणि त्या बदल्यात मुलासाठी वार्षिक वेतन मिळवले.