पाळीचं टायमिंग मेंदूत ठरतं, हे कळलं कसं

पाळी मागेपुढे व्हायला लागली की डॉक्टर एलएच, एफएसएच (ओव्हरीला कामाला लावणारी दोन हार्मोन्स) या रक्ताच्या तपासण्या करून आणायला सांगतात आणि रिपोर्ट आला की घरात सगळी चर्चा ओव्हरीचीच. पण ही दोन्ही हार्मोन्स बनतात मेंदूच्या खाली असलेल्या पिट्युटरी या छोट्या ग्रंथीत, आणि ती कधी सोडायची ते तिच्या वरचा हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग सांगतो.

आता गंमत अशी की पिट्युटरीच्या पुढच्या भागात मेंदूतून येणारे मज्जातंतू जवळपास नाहीतच, मग निरोप पोचतो कसा? 1930 मध्ये पोपा आणि फील्डिंग या संशोधकांनी दोघांना जोडणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या दाखवल्या, पण त्यांना वाटलं रक्त खालून वर जातं. इंग्लंडच्या जेफ्री हॅरिस या शास्त्रज्ञाचं म्हणणं उलटं होतं, मेंदू काहीतरी रसायन सोडतो आणि ते या वाहिन्यांतून खाली पिट्युटरीत उतरतं. 1952 मध्ये त्याने डोरा जेकबसनबरोबर माद्या उंदरांची पिट्युटरी काढली आणि दुसरी बसवली, काहींना हायपोथॅलॅमसच्या खालीच, काहींना मेंदूच्या बाजूच्या भागाखाली. पहिल्या गटाचं प्रजननाचं चक्र परत सुरू झालं, काहींना तर गर्भही राहिला, दुसऱ्या गटात काहीच नाही. ग्रंथी तीच, फक्त जागा बदलली!

मग ते रसायन शोधायची शर्यत लागली, गिलमाँ हा शास्त्रज्ञ मेंढ्यांचे हायपोथॅलॅमस गोळा करतोय, त्याचा प्रतिस्पर्धी शॅली डुकरांचे, तेही लाखांनी, कारण एकेका मेंदूत ते असतं अगदी नगण्य. 1971 मध्ये शॅलीच्या टीमने रचना सांगितली, फक्त 10 अमिनो आम्लांची साखळी, तेच जीएनआरएच, म्हणजे पिट्युटरीला एलएच, एफएसएच सोडायला सांगणारा निरोप. दोघांना 1977 चं नोबेल मिळालं, हॅरिस मात्र 1971 मध्येच गेला होता, आणि मला तरी वाटतं की त्या नोबेलवर त्याचा हक्क सगळ्यात मोठा होता.

पण माझ्या मते खरा धक्का 1978 चा. पिट्सबर्गला अर्न्स्ट क्नोबिलच्या लॅबमध्ये ऱ्हीसस माकडिणींचं स्वतःचं जीएनआरएच बंद पाडून बाहेरून दिलं, दर तासाला 6 मिनिटं. एलएच, एफएसएच वर आले. तेच औषध सलग चालू ठेवलं तर दोन्ही खाली बसले, परत तासातासाने दिल्यावर परत वर! म्हणजे औषध किती यापेक्षा ते थांबून थांबून येतंय का हे महत्त्वाचं. आज वयाच्या आधी वयात येणाऱ्या मुलींना किंवा प्रोस्टेट कॅन्सरमध्ये ल्युप्रोलाइडचं (जीएनआरएचसारखंच, पण शरीरात सलग काम करत राहणारं औषध) इंजेक्शन देतात ते याच तत्त्वावर, सुरुवातीला हार्मोन्स थोडे वाढतात आणि मग पिट्युटरी गप्प होते, म्हणून पहिल्या काही दिवसांत लक्षणं वाढली तर घाबरू नका, पण डॉक्टरांना नक्की सांगा.

मग जीएनआरएच थांबून थांबून सोडायचा हा ठोका देतं कोण? 2003 मध्ये पॅरिस आणि बॉस्टनच्या गटांना, वयातच न आलेल्या काही माणसांत किसपेप्टिनच्या रिसेप्टरचं (पेशीवरची निरोप पकडणारी जागा) जीन बिघडलेलं सापडलं. किसपेप्टिन हे मेंदूतलंच एक रसायन, ते जीएनआरएचच्या पेशींना जागं करतं. पुढे दिसलं की हायपोथॅलॅमसमधल्या किसपेप्टिन बनवणाऱ्या पेशीच न्यूरोकायनिन बी आणि डायनॉर्फिन ही आणखी दोन रसायनंही बनवतात, पहिलं ठोका सुरू करतं, दुसरं थांबवतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी झालं की याच पेशी जास्त चेकाळतात आणि शेजारच्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्राला छेडतात, म्हणून ते हॉट फ्लॅशेस, म्हणजे अंगातून अचानक गरम वाफा येणं. न्यूरोकायनिन बीचा रिसेप्टर अडवणारी फेझोलिनेटंट नावाची गोळी अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झाली, आणि तिच्यात हार्मोन अजिबात नाही.