रोल बॉडीत शिरला तेव्हापासून: हौशी छायाचित्रकारांच्या कॅमेरा-बदलाची पार्श्वभूमी

नवा कॅमेरा घ्यावा की आहे तोच वापरत राहावा, हा प्रश्न फिल्मच्या काळात हौशी माणसाला फारसा पडत नसे. घरात एकदा कॅमेरा आला की तो पंधरा-वीस वर्षं सहज चाले. पेंटॅक्सचा के-१००० हा साधा, दणकट एसएलआर (लेन्समधून दिसणारं दृश्य आतल्या आरशाने डोळ्यापर्यंत पोचवणारा कॅमेरा) १९७६ ते १९९७ पर्यंत जवळपास त्याच रूपात बनत होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सुधारणा व्हायची ती रोलमध्ये. फिल्म बनवणाऱ्या कंपनीने जास्त बारीक कणांची फिल्म आणली की जुन्यात जुन्या कॅमेऱ्यालाही तिचा लाभ लगेच मिळे. उजेड कमी असेल तर १०० आयएसओऐवजी (आयएसओ म्हणजे कमी उजेडात टिपण्याची क्षमता) ४०० चा रोल भरायचा, एवढंच. आग्फा क्लिक-थ्री गळ्यात अडकवणारा माणूस एका रोलमधल्या बारा फोटोंची चिंता करायचा, कॅमेऱ्याच्या पुढच्या मॉडेलची नाही.

डिजिटलमध्ये फिल्मची जागा सेन्सरने, म्हणजे उजेड टिपणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपने, घेतली आणि तो सेन्सर बॉडीत (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात) कायमचा बसवलेला होता. चांगला ‘रोल’ हवा तर आता अख्खा कॅमेराच बदलायचा. गेल्या पंचवीस वर्षांत हौशी छायाचित्रकारांनी जी खरेदी केली, जे पैसे घातले आणि जी चुटपुट अनुभवली, तिचं मूळ मला या एका गोष्टीत दिसतं.

सुरुवातीची पंचवीस-तीस वर्षं सामान्य ग्राहकाचा या तंत्राशी संबंधच आला नाही. सीसीडी या सुरुवातीच्या प्रकारच्या सेन्सरची कल्पना १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी मांडली. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. १९७५ मध्ये कोडॅकचे अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंहून जास्त, चित्र १०० गुणिले १०० बिंदूंचं, कृष्णधवल, आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. १९९१ मध्ये कोडॅकनेच निकॉनच्या एफ-३ बॉडीवर बेतलेला व्यावसायिक डिजिटल कॅमेरा विकायला काढला. तो १.३ मेगापिक्सलचा (एक मेगापिक्सल म्हणजे चित्रातले दहा लाख बिंदू) होता आणि त्याची हार्ड डिस्क वेगळ्या पेटीत खांद्याला अडकवून न्यावी लागे. वृत्तपत्रांना तो परवडला. १९९९ चा निकॉन डी-१ सुमारे ५ हजार डॉलरचा होता, म्हणजे तोही वृत्तछायाचित्रकारांसाठीच.

हौशी माणसासाठी दार उघडलं ते २००३ च्या ऑगस्टमध्ये. कॅननने ईओएस ३००डी आणला: ६.३ मेगापिक्सल, प्लॅस्टिकची बॉडी, सोबत १८-५५ ची किट लेन्स, आणि अमेरिकेत किंमत हजार डॉलरच्या आत. त्या वेळच्या दराने सुमारे ४६ हजार रुपये. आपल्याकडे आयात शुल्क वेगळं. पुढच्या वर्षी निकॉनचा डी-७० आला. ज्यांच्याकडे फिल्मच्या काळातल्या या कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्स होत्या, त्यांना त्या नव्या बॉडीवर तशाच चढवता आल्या. फक्त सेन्सर ३५ मिमी फिल्मपेक्षा लहान असल्यामुळे दृश्य कातरलं जाई. ५० मिमीची लेन्स कॅननवर ८० मिमीसारखी आणि निकॉनवर ७५ मिमीसारखी वागू लागली (मिमी जितके जास्त, तितकं दृश्य जवळचं आणि अरुंद). पोर्ट्रेट काढणारे खूश झाले. गडावरून सगळी डोंगररांग एका चौकटीत घेऊ पाहणाऱ्यांना मात्र नवी वाइड लेन्स शोधावी लागली.

आणि मग मेगापिक्सलची शर्यत. कॅननची ३००डी पासून सुरू झालेली ती एकच मालिका पाहिली तरी पुरे: २००५ मध्ये ८, २००६ मध्ये १०, २००८ मध्ये १२, २००९ मध्ये १५, २०१० मध्ये १८. दर दीड वर्षाला आपला कॅमेरा जुना झाला, असं वाटायला लावणारा हा वेग होता. आकडे बघून बॉडी बदलणाऱ्यांना दुकानात कुणी एक साधं गणित सांगत नसे. ६ मेगापिक्सलचं चित्र साधारण ३००० गुणिले २००० बिंदूंचं असतं. इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने त्याचा १० बाय साडेसहा इंचांचा प्रिंट उत्तम निघतो. रुंदी दुप्पट हवी असेल, तर १२ नव्हे, २४ मेगापिक्सल लागतात, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही वाढवावी लागते. म्हणजे ६ वरून ८ वर किंवा १० वरून १२ वर गेलेल्या माणसाच्या हाती पडलेला फरक इतका बारीक होता, की ४ बाय ६ च्या प्रिंटवर तो दिसणं शक्यच नव्हतं. पुढे २०१० ते २०१३ या काळात त्याच मालिकेतली चार मॉडेलं १८ वरच थांबली आणि तरीही विकली गेली. फिरता स्क्रीन, टचस्क्रीन, व्हिडिओतला फोकस ही कारणं आता मेगापिक्सलच्या जागी आली होती.

माझ्या मते त्या दशकातली खरी झेप अंधारातली होती. २००७ चा निकॉन डी-३ आणि पाठोपाठ आलेला डी-७०० यांनी ६४०० आयएसओला वापरण्याजोगं चित्र दिलं. हे कॅमेरे फक्त १२ मेगापिक्सलचे होते. देवळाच्या गाभाऱ्यात, नाट्यगृहात, रात्रीच्या कीर्तनात फ्लॅश न मारता फोटो काढणाऱ्यांना जे हवं होतं, ते हेच. महागड्या बॉडीतली ही क्षमता हळूहळू साध्या कॅमेऱ्यांत झिरपली. आठ-दहा वर्षांनी बॉडी बदलणाऱ्याला हा फरक पहिल्याच संध्याकाळी दिसे. दर दोन वर्षांनी बदलणाऱ्याला तो इतका ठळक कधीच जाणवला नाही.

बॉडी बदलत राहिली तरी माणसं कंपनी सहसा बदलत नव्हती, कारण लेन्स. लेन्स ज्या खाचेत बसते ते माउंट प्रत्येक कंपनीचं वेगळं. निकॉनचं एफ माउंट १९५९ पासूनचं. कॅननने १९८७ मध्ये जुनं एफडी माउंट सोडून ईएफ आणलं, तेव्हा जुने ग्राहक चांगलेच दुखावले. पण कॅननने फोकसची मोटर तेव्हापासूनच प्रत्येक ऑटोफोकस लेन्समध्ये बसवली. निकॉनच्या बऱ्याच लेन्स मात्र बॉडीतल्या मोटरवर फिरत. २००६ मध्ये निकॉनने छोटा, हलका, स्वस्त डी-४० काढला आणि त्यातून ती मोटर काढून टाकली. डी-४० घेतलेल्या कित्येकांनी पहिली जोड म्हणून स्वस्तातली ५० मिमी एफ १.८ आणली आणि ती बॉडीवर चढवली. माप नीट बसलं, उजेडाचं मोजमाप झालं, पण शटरचं बटण अर्धं दाबलं तरी लेन्स जागची हलेना. रिंग हाताने फिरवून, व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका पेटेपर्यंत फोकस जुळवायचा. आत मोटर असलेली ३५ मिमी एफ १.८ निकॉनने २००९ मध्ये आणली, तेव्हा कुठे या वर्गाची सोय झाली. दुकानदाराने ‘मोटर कशात आहे?’ एवढं आधी सांगितलं असतं, तर खूप जणांचे पैसे वाचले असते.

बॉडीमागून इतर खर्चही येत. नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइल (सेन्सरवरून आलेली, प्रक्रिया न केलेली चित्रं) जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नसत. सॉफ्टवेअर नवं घेतलं की कॉम्प्युटर रखडे. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डं जाऊन एसडी आली, बॅटरीचा आकार मॉडेलगणिक बदलला. क्लिक फुकट झालं हे खरंच, पण रोल आणि धुलाईवर होणारा खर्च हार्ड डिस्ककडे वळला.

आपल्याकडे या सगळ्याला बाजाराचा वेगळा रंग होता. मुंबईत फोर्टातला बोरा बझार, दिल्लीत चांदणी चौक, इथे एकाच लेन्सचे दोन भाव मिळत: बिलासह आणि बिलाविना. बिलाविना घेतलेला ‘ग्रे’ माल स्वस्त पडे, पण वॉरंटीवर पाणी सोडावं लागे. परदेशातून येणाऱ्या भावा-बहिणीकडून बॉडी मागवणं हाही रुळलेला मार्ग होता. निकॉनने भारतात स्वतःची कंपनी २००७ मध्ये काढली, त्यानंतर अधिकृत खरेदीकडे कल वाढला.

सेकंडहँड बाजार या सततच्या बॉडी-बदलातूनच उभा राहिला आणि त्याचे स्वतःचे नियम तयार झाले. पहिला प्रश्न ‘शटर काउंट किती?’, म्हणजे आजवर किती क्लिक झाले. सुरुवातीच्या श्रेणीतल्या डीएसएलआरचं (डिजिटल एसएलआरचं) शटर साधारण एक लाख क्लिकचं धरतात. निकॉनच्या फोटो-फाइलमध्ये हा आकडा सापडतो. कॅननच्या साध्या मॉडेलांत तो सहसा फाइलमध्ये लिहिलेला नसतो, म्हणून तिथे विकणाऱ्याच्या शब्दावर आणि ग्रिपच्या झिजलेल्या रबरावर भिस्त. दुसरी तपासणी लेन्सची. अॅपर्चर (लेन्समधलं लहान-मोठं होणारं छिद्र) पूर्ण उघडायचं, मागून टॉर्च मारायचा आणि तिरकं बघायचं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या आतल्या काचेवर कडेकडून कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू दिसतात. ती बुरशी. ती काचेवरचा लेप खाते, आणि साफ केली तरी डाग राहू शकतो. तिसरी, सेन्सरवरची धूळ: निरभ्र आकाशाचा फोटो एफ १६ ला, म्हणजे छिद्र बारीक करून, काढला की करडे ठिपके उमटतात. ऑलिंपसने २००३ मध्ये आणि कॅननने २००६ मध्ये धूळ झटकणारा सेन्सर आणला, तो या तक्रारीपायीच.

नंतर मोबाइल आला आणि सगळा बाजार आक्रसला. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२३ मध्ये ८० लाखांहूनही कमी. खिशातले छोटे कॅमेरे सर्वांत आधी गेले. ज्यांनी कॅमेरा हौसेने घेतला होता, ते उरले, आणि कंपन्यांनी त्यांच्यासाठी महाग, वरच्या दर्जाचे कॅमेरे बनवायला सुरुवात केली.

त्यातच एसएलआरमधला आरसा गेला आणि बिनआरशाचे कॅमेरे आले. पॅनासॉनिकचा जी-१ २००८ मध्ये आला, सोनीचा फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) ए-७ २०१३ मध्ये, आणि २०१८ मध्ये कॅनन-निकॉननेही नवी माउंट काढली. पक्ष्याच्या डोळ्यावर स्वतःहून चिकटणारा फोकस ही या पिढीची मोठी देणगी आहे. उडता धनेश टिपणाऱ्याला विचारा, तो नवी बॉडी घेण्याचं समर्थन एका वाक्यात करील. पण माउंट बदलल्याने जुनी निष्ठा सैल झाली. अडॅप्टर घेऊन कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स नव्या बॉडीवर छान चालतात. निकॉनच्या अडॅप्टरमध्ये मोटर नाही. म्हणून डी-४० वर अडलेली ती ५० मिमी या नव्या बॉडीवरही हातानेच फोकस करावी लागते.

या स्थलांतरामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीच्या डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स मोठ्या संख्येने विकायला निघाल्या आहेत. फोटोग्राफी शिकणाऱ्या मुलांसाठी ही उत्तम संधी आहे, असं मी निःसंकोच म्हणेन. त्याहून जुने, सीसीडी सेन्सरचे छोटे कॅमेरेही विशीतली मुलं हौसेने शोधत आहेत. त्यांच्या सौद्यात मेगापिक्सल कुणी विचारत नाही. मूळ बॅटरी अजून धरते का, चार्जर सोबत आहे का आणि कार्ड कुठलं लागतं, एवढंच बघितलं जातं. ऑलिंपस आणि फुजीच्या त्या काळातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना लागणारं एक्सडी कार्ड आता नव्याने बनत नाही.