पांढऱ्या छपराच्या आधी: अहमदाबादच्या वस्त्या आणि उन्हाळा

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. एरवीच्या मे महिन्याच्या तुलनेत त्या महिन्यात १,३४४ मृत्यू जास्त झाले, असं नंतरच्या अभ्यासात निघालं. उष्माघात म्हणून नोंद झालेले त्यात थोडेच होते. शारदाबेन रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष गच्चीखालीच, सर्वांत वरच्या मजल्यावर होता. तो खाली हलवल्यावर उष्णतेने आजारी पडणारी बाळं कमी झाली. छपराचा प्रश्न तिथेच उघडा पडला होता.

२०१३ मध्ये महापालिकेने उष्णता कृती आराखडा आणला: ४१.१ अंशांपासून पिवळा, ४३.१ पासून नारिंगी आणि ४५ ला लाल इशारा. नागपूरने २०१६ मध्ये हीच वाट धरली. पण हे अंश वेधशाळेच्या सावलीतले. पत्र्याच्या खोलीचा हिशेब वेगळा. ‘दुपारी घरातच थांबा’ हा सल्ला तिथे उलटाच पडतो. घरातच पतंगाचा कागद कापणाऱ्या किंवा अगरबत्त्या वळणाऱ्या बाईला पंखाही लावता येत नाही, माल उडतो.

२०१७ मध्ये शहरात सुमारे ३,००० छपरं पांढरी करण्याचा प्रयोग झाला. बातम्या रंगाच्या आल्या. आमच्या मते या कामाचं मूळ १९९५ च्या ‘परिवर्तन’ या वस्तीसुधारणा योजनेत आहे. त्यात प्रत्येक घराने २,००० रुपये भरले, नळ, गटार, संडास, फरसबंदी मिळाली, आणि महापालिकेने दहा वर्षं वस्ती न हटवण्याची हमी दिली. ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेच्या बँकेने कर्ज दिलं, १९९४ मध्ये स्थापन झालेल्या महिला हाउसिंग ट्रस्टने गल्लीगल्लीत बायकांचे गट बांधले. उद्या घर पाडतील या धास्तीत कोण छपरावर पैसा घालेल? गट पाण्यासाठी जमले होते, उन्हाचा विषय नंतर आला.

कोरा पत्रा चकाकतो, तरी तापतोच, कारण तो शोषलेली उष्णता सहज बाहेर टाकत नाही. पांढरा थर ऊन परतवतो आणि उष्णताही सोडतो. खोली साधारण २ ते ५ अंशांनी उतरते. मात्र काम नीट व्हायला हवं. आधी छपरावरचे टायर, विटा, ताडपत्री उतरवायची. हेच सर्वांत किचकट, कारण त्या विटांनीच पत्रा दाबलेला असतो. गंज तारेच्या ब्रशने काढायचा, धुऊन पूर्ण वाळवायचं, प्रायमर, मग पांढऱ्या रंगाचे दोन हात. सिमेंटचा पत्रा कोरडा घासू नये. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओला करूनच साफ करावा. भर दुपारी रंगवलं तर रंग धरण्याआधीच सुकतो आणि पुढे भुकटी होऊन निघतो. नुसता चुना स्लॅबवर चालतो, पत्र्यावर टिकत नाही.

वर्षभरात धूळ आणि चुलीची काजळी साचते, परिणाम घटतो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर छप्पर धुवावं लागतं. दुमजली घरात फायदा वरच्याच खोलीला. पत्र्याऐवजी बसवायची नारळाच्या काथ्याची आणि टाकाऊ कागदाची पटलं (पॅनेल) जास्त टिकाऊ, पण महाग; ती हप्त्यानेच परवडतात. भाड्याच्या खोलीत गाडं अजून अडतं: उकडतं भाडेकरूला, छप्पर मालकाचं.