ताक फुंकणं कधी थांबतं?

'खडकवासला धरणातून मुठा नदीपात्रात विसर्ग वाढवण्यात येत आहे.' जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात हा मेसेज दिवसातून दोन-तीनदा फिरतो. बहुतेक पुणेकर तो वाचून 'चला, पाणीकपात टळली' म्हणतात आणि भिडे पूल बुडाला का ते बघायला जातात. सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत मात्र तोच मेसेज वाचून काहींच्या पोटात गोळा येतो. २५ जुलै २०२४ ला पहाटे तिथल्या सोसायट्यांमध्ये नदी शिरली होती.

माझी एक मैत्रीण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. तिच्याकडे त्या भागातल्या एक बाई यायच्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्या पहाटे स्कूटर बाहेर काढायला त्या खाली गेल्या, तेवढ्यात वीज गेली आणि पाणी छातीपर्यंत चढलं. जिन्याची ग्रिल धरून त्या उभ्या राहिल्या. नंतरच्या पावसाळ्यात विसर्गाचा प्रत्येक आकडा, किती क्युसेक पाणी सोडलं तो, त्या वहीत लिहू लागल्या. रात्री दोनदा उठून पार्किंगमधलं चेंबर बघून यायच्या. कागदपत्रांची पिशवी उशाशी असायची. राहायला तिसऱ्या मजल्यावर.

मला माझी आजी आठवली. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, तेव्हा ती नारायण पेठेत राहत होती. पुढे आयुष्यभर आषाढ लागला की तिची ट्रंक माळ्यावर जायची. 'तिनं धसका घेतलाय' एवढंच घरात म्हणायचे. आघातानंतरच्या या त्रासाला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत पीटीएसडी हे नाव मिळालं ते १९८० साली. आपल्याकडे शब्द आधीपासून होता, उपचार नव्हता.

धसका म्हणजे नेमकं काय, याचा एक उत्तम दाखला पुरातूनच मिळालेला आहे. सप्टेंबर १९२४ मध्ये रशियातल्या लेनिनग्राडला (आजचं सेंट पीटर्सबर्ग) पूर आला आणि शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या घरात पाणी चढलं. कुत्री कशीबशी वाचवली. पण ठरावीक खुणेला लाळ सुटण्याची, महिनोन् महिने शिकवलेली प्रतिक्रिया काही कुत्र्यांमधून नाहीशी झाली होती. एका कुत्र्यामध्ये ती प्रयत्नांनी परत आणली. मग संशोधकांनी खोलीच्या दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडली. कुत्रं पुन्हा बिथरलं आणि शिकवलेलं पुन्हा पुसलं गेलं. धार बुडवणारी नव्हती, पंजेसुद्धा जेमतेम भिजले असते. पण मेंदूला पाण्याची खोली मोजायची नसते, खूण ओळखायची असते.

हे काम मुख्यतः अमिग्डाला करतो. कानशिलांच्या आत खोलवर बसलेले हे बदामाएवढे दोन पुंजके. जिवावर बेतलं त्या क्षणी आसपास जे जे होतं, चिखलाचा वास, वीज गेल्यावरचा अंधार, मोटारींचे ओरडणारे हॉर्न, ते सगळं धोक्याच्या खात्यात जमा होतं. पुढे त्यातली एक खूण दिसली तरी छातीत धस्स होतं, हात गार पडतात. विचार करणारा मेंदू जागा होईपर्यंत शरीर अर्ध्या वाटेवर पोचलेलं असतं.

दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, असं आपण म्हणतो. या म्हणीत अर्धं मानसशास्त्र आहे. दूध पांढरं, ताकही पांढरं, म्हणून भीती दुधावरून ताकावर सरकते. उरलेलं अर्धं म्हण सांगत नाही. फुंकून प्यायलेलं ताक गारच लागतं, पण श्रेय फुंकरीला जातं. ताक मुळातच गार होतं, हे कळायची संधीच येत नाही. बाई रात्री दोनदा चेंबर बघायच्या, पाणी नसायचं, जिवाला हायसं वाटायचं. ते हायसं वाटणं हेच बक्षीस. त्या बक्षिसापोटी उद्या तिसऱ्यांदा उठावंसं वाटतं. ओ. एच. माउरर या मानसशास्त्रज्ञानं १९४७ मध्येच मांडलं होतं, की भीती लागते एका नियमानं आणि टिकते दुसऱ्या. लागते ती खुणांच्या जोडीमुळे, टिकते ती टाळण्यामुळे.

आता माझी मैत्रीण काय करते ते. ती शिकली त्या काळी आघात झालेल्या माणसाला लगेच बोलतं करावं, 'मन मोकळं करा' म्हणावं, असा सगळीकडे समज होता. दुर्घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याच्या या पद्धतीची पुढे नीट तपासणी झाली. या पद्धतीनं पीटीएसडी टळत नाही, काहींचा त्रास तर वाढतो, असं दिसलं. त्यामुळे पहिल्या भेटीत ती पुराबद्दल विचारतच नाही. झोप किती, जेवण कसं, घरी कोण कोण, दारू किंवा झोपेच्या गोळ्या सुरू आहेत का, एवढंच. पहिल्या महिन्यात तर ती बऱ्याचदा उपचारही सुरू करत नाही. बहुतेकांचा धसका आपल्या माणसांत राहून हळूहळू ओसरतो. लक्षणं महिन्याच्या पुढे टिकली, तरच निदानाचा विचार. रुग्णालयात काढलेल्या एम.फिल.च्या दोन वर्षांत कधी थांबायचं हे सगळ्यात उशिरा शिकले, असं ती सांगते. (समुपदेशक अशा पाट्या पुण्यात गल्लोगल्ली दिसतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे मात्र भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो बेधडक विचारावा. औषधं लिहून द्यायची ती मनोविकारतज्ज्ञानं.)

बाई आल्या त्या घटनेनंतर वर्षभरानं. आधी दोघींनी मिळून भीतीची शिडी केली. शून्य ते शंभर, मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांच्या भीती मोजायच्या पट्टीसारखी. पावसाचा आवाज मोबाइलवर ऐकणं तीस, उन्हाळ्यात नदीकाठी उभं राहणं पन्नास, मेसेज वाचून रात्रभर खाली न जाणं नव्वद. 'ताई, आत्ता किती?' असं विचारलं की बाई म्हणायच्या, 'सत्तर क्युसेक.' दोघी हसायच्या. हे हसू उपचाराच्या पुस्तकात नसतं, पण असायला हवं.

प्रत्येक पायरीआधी एक वाक्य लिहायचं. 'मी खाली गेले नाही तर पाणी जिन्यात येईल आणि मला कळणार नाही.' दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे लिहायचं, प्रत्यक्षात काय झालं. मेंदू अंदाज चुकल्यावर जास्त शिकतो, म्हणून चूक कागदावर पकडून ठेवायची. सोबत दुसरं काम, मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांच्या पद्धतीतलं. डोळे मिटून ती पहाट वर्तमानकाळात सांगायची, 'मी ग्रिल धरून उभी आहे', ते रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज ऐकायचं. दीड-दीड तासाच्या आठ ते पंधरा बैठका. पहिल्या वेळी बाई तीन मिनिटांत थांबल्या. पुढे कधीतरी त्यांना आठवलं, की वरच्या पायरीवरून कुणीतरी टॉर्च धरला होता. वर्षभर त्या आठवणीत फक्त अंधार होता.

यानं जुनी भीती पुसली जात नाही, हे मला सर्वात रोचक वाटतं. तिच्या शेजारी नवी आठवण तयार होते आणि कपाळामागचा मेंदू नवीच्या बाजूनं अमिग्डालाला आवर घालतो. १९७९ मध्ये मार्क बाउटन आणि रॉबर्ट बोल्स यांनी उंदरांवर प्रयोग केले. एका पेटीत लागलेली भीती दुसऱ्या पेटीत घालवली. उंदीर पहिल्या पेटीत परत ठेवले, तर भीती हजर. सुरक्षिततेचा धडा जिथे गिरवला त्या जागेला चिकटून राहतो. म्हणून मैत्रीण बाईंना फक्त क्लिनिकमध्ये बसवत नाही. ओंकारेश्वरापाशी, म्हात्रे पुलावर, त्यांच्या स्वतःच्या पार्किंगमध्ये, दिवसा, रात्री, भर पावसात, असं तेच तेच करून घेते. तरी मध्येच एखादी रात्र वाईट जाणार, हे ती आधीच सांगून ठेवते. म्हणजे ती रात्र आली की 'सगळं वाया गेलं' असं वाटत नाही.

दुसऱ्याही वाटा आहेत. फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली ईएमडीआर ही त्यातली एक. तिच्यात आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे फिरवतात. तिचा उपयोग होतो, पण डोळ्यांच्या हालचालींचा त्यात वाटा किती, यावर वाद चालू आहे. काहींना सर्ट्रालिनसारख्या औषधांनी बरं वाटतं. कुणाकडे जावं हेच सुचत नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

एक पेच मात्र उरतोच. ताक कधी गरम नसतं, पण मुठेला खरोखर पूर येतो. मग कुठली भीती घालवायची? मैत्रिणीनं तो बाईंच्याच वहीत सोडवून घेतला. महापालिकेचा भोंगा वाजला किंवा वॉचमननं फोन केला, तर खाली जायचं. रात्री दोन वाजता मनानं फोन केला तर नाही. त्यानंतर त्या एकदाच उतरल्या, वॉचमननं बोलावलं तेव्हा. कागदपत्रांची पिशवी आता उशाशी नसते, कपाटात असते. ती रिकामी करा, असं मैत्रिणीनं त्यांना कधीच सांगितलं नाही.