पोपनेच मतदान बंद केलं होतं तिथपासून: इटलीतल्या कॅथलिकांच्या लोकशाहीची पार्श्वभूमी

जुलै २०२४ मध्ये इटलीच्या त्रिएस्ते शहरात कॅथलिकांचा ५० वा 'सामाजिक सप्ताह', म्हणजे समाजाच्या प्रश्नांवर चर्चा करायचं संमेलन, भरला, विषय लोकशाही, आणि शेवटच्या दिवशी पोप फ्रान्सिस स्वतः येऊन सरळ बोलले की आजच्या जगात लोकशाहीची तब्येत काही बरी नाही. महिनाभर आधीच युरोपियन पार्लमेंटची निवडणूक झाली होती, त्यात इटलीतले निम्म्याहून कमी मतदार बूथवर गेले होते. त्यामुळे लोकांनी सार्वजनिक कामात उतरावं हे पोपनी कळकळीने सांगणं साहजिकच होतं. पण मागे गेलं तर याच्या अगदी उलट चित्र दिसतं.

१८६१ ला इटली एक देश झाला तो पोपच्या राज्याचा बराचसा मुलूख काढून घेऊन. त्यामुळे १८६८ मध्ये रोमहून आदेश आला, 'नॉन एक्सपेदित', म्हणजे कॅथलिकांनी पार्लमेंटच्या निवडणुकीत भाग घेणं हिताचं नाही. दोन वर्षांनी, २० सप्टेंबर १८७० ला, रोमही पोपच्या हातून गेलं आणि भांडण आणखी पेटलं. देशातले बहुसंख्य लोक कॅथलिक, आणि त्यांच्यातले जे मनापासून धर्म पाळणारे तेच नेमके मतपेटीपासून लांब.

पण एक वाट उघडी राहिली आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. बंदी पार्लमेंटपुरती होती, नगरपालिकेला नव्हती. म्हणून लोक गावातच कामाला लागले, पतपेढ्या, सहकारी सोसायट्या, शेतकऱ्यांच्या संघटना असं करत. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' हे पत्र काढून कामगारांना जगण्यापुरती तरी मजुरी मिळायला हवी आणि संघटना करायचा हक्कही आहे हे मांडलं, तेव्हा या कामाला आणखी जोर आला. सामाजिक सप्ताहही त्यातूनच, पहिला १९०७ ला पिस्तोयामध्ये.

या सगळ्यात माझा आवडता माणूस म्हणजे लुईजी स्तुर्झो. सिसिलीतल्या काल्ताजिरोनेचा. मातीच्या भांड्यांचं गाव. रोममध्ये शिकणारा हा तरुण पाद्री १८९५ च्या ईस्टरच्या आदल्या दिवशी जुन्या ज्यू वस्तीत घरं आशीर्वादित करायला गेला आणि एकेका खोलीतली गरिबी बघून पार हादरला, आणि तिथून त्याचं आयुष्य बदललं. गावी परत येऊन पतपेढी काढली, शेतकऱ्यांना एकत्र केलं, आणि पाद्र्याला महापौर होता येत नसल्यामुळे १९०५ पासून १५ वर्षं 'प्रो-सिंदाको', म्हणजे प्रभारी महापौर म्हणून नगरपालिका चालवली. गावातली कला टिकावी म्हणून सिरॅमिकची शाळाही काढली.

१८ जानेवारी १९१९ ला याच माणसाने रोमच्या एका हॉटेलातून 'स्वतंत्र आणि खंबीर माणसांना' आवाहन करत पार्तीतो पोपोलारे पक्ष काढला. पक्ष चर्चचा नाही, कुठल्याही धर्माच्या माणसाला खुला, हे त्याने आग्रहाने सांगितलं. कार्यक्रमात बायकांना मताचा हक्क होता, नगरपालिकांना स्वायत्तता होती. त्याच वर्षी व्हॅटिकनने बंदी उठवली आणि नोव्हेंबरात पक्षाचे १०० खासदार निवडून आले! पुढे मुसोलिनी आला, व्हॅटिकनकडूनही दबाव आला, स्तुर्झोंनी पक्षाचं सचिवपद सोडलं आणि १९२४ ला देशही सोडला, ते थेट १९४६ ला परतले. हे वाचताना अजूनही वाईट वाटतं, स्वतःच्याच चर्चने त्यांना एकटं पाडलं.

त्यांचे सहकारी अल्चीदे दे गास्पेरी जेलमध्ये गेले, सुटल्यावर व्हॅटिकनच्या लायब्ररीत नोकरी करत दिवस काढले, आणि युद्धानंतर पंतप्रधान झाले. तिकडे जर्मनीत नाझींनी कोलोनच्या महापौरपदावरून काढलेले आणि पुढे पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर झालेले आडेनावर मारिया लाख मठात लपून पोपची ही सामाजिक पत्रं वाचत होते. तिसरे फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शुमान. तिघंही कॅथलिक, तिघंही सीमेलगतच्या भागातले, आणि युरोपच्या एकीचा पाया या तिघांनी घातला. १९३१ च्या पोपपत्रातलं तत्त्व, की जे काम खालच्या पातळीवर नीट होतंय ते वरच्याने ओढून घेऊ नये, ते युरोपियन युनियनच्या १९९२ च्या मास्त्रिख्त करारात आलं. मूळ मात्र त्याच नगरपालिकांच्या अनुभवात आहे असं मला ठामपणे वाटतं.

इटलीतला दे गास्पेरींचा ख्रिस्ती लोकशाही पक्ष जवळपास पन्नास वर्षं सत्तेत राहिला, पण समाज बदलत होता. १९७४ च्या सार्वमतात सुमारे ५९ टक्के लोकांनी घटस्फोटाचा कायदा ठेवला, चर्चचा विरोध असूनही. मग भ्रष्टाचाराची प्रकरणं बाहेर आली आणि १९९४ ला पक्षच संपला. आता कॅथलिक मतदार सगळ्या पक्षांत विखुरलाय.

त्रिएस्तेनंतर वेगवेगळ्या पक्षांतले महापौर आणि नगरसेवक एकत्र येऊन आपलं नेटवर्क उभं करायला लागले. पुन्हा नगरपालिकेतूनच.